परीक्षण कुणी लिहायचं?

डिसेंबर संपत आला की आमच्या पत्त्यावर एका छोट्या प्रकाशनसंस्थेची यादी येते. वर्षभरात काढलेली सहा-सात पुस्तकं, त्यांच्या किमती, टपालखर्च किती, आणि शेवटच्या पानावर 'आमच्या पुस्तकांविषयी' अशी चौकट. संस्था चालवणाऱ्या दोघी चळवळीतल्याच. पदरचे पैसे घालून, कधी कुणाकडून उसने घेऊन त्या पुस्तकं काढतात. त्यामुळे ती यादी आली की माहेरचं पत्र आल्यासारखं वाटतं.

यंदा त्या चौकटीत एक वाक्य छापलेलं होतं : "खेड्यापाड्यातल्या प्रत्येक बाईच्या हातात असायलाच हवं असं पुस्तक." खाली 'एक कार्यकर्ती, नेकनूर'. ती कार्यकर्ती मी. वर्षापूर्वी एका परीक्षणात मीच हे लिहिलं होतं. स्वतःचं वाक्य छापलेलं पाहून आनंद व्हायला हवा होता, पण मला शरम वाटली. कारण ते लिहिलं तेव्हा खेड्यातल्या एकाही बाईच्या हातात मी ते पुस्तक दिलेलं नव्हतं. रात्री दोन बैठकांत स्वतः चाळलं होतं, 'आपल्या' मैत्रिणींनी काढलंय म्हणून चांगलं म्हणायचं हे आधीच ठरलं होतं, आणि आठवड्याच्या आत परीक्षण पाठवून दिलं होतं.

या अंकात त्याच विषयावर बोलायचं आहे. आपल्या चळवळीतल्या छोट्या प्रकाशनांची पुस्तकं वर्षभर येतात. त्यांचं पुढे काय होतं? त्यांना बरंवाईट कोण म्हणतं? आणि तसं म्हणण्याचा अधिकार आपण कुणाकुणाला देतो?

एका वर्षाची दोन पुस्तकं

थोडं मागे जाऊ. दिल्लीत १९८४ साली उर्वशी बुटालिया आणि रितू मेनन या दोघींनी 'काली फॉर विमेन' ही प्रकाशनसंस्था सुरू केली. स्त्रीमुक्तीच्या विचाराने चालणारी आपल्या देशातली ही पहिली प्रकाशनसंस्था. सुरुवात झाली एका गॅरेजमध्ये. पुढे २००३ साली दोघींनी वेगळ्या वाटा धरल्या आणि त्यातून 'झुबान' आणि 'विमेन अनलिमिटेड' अशा दोन संस्था झाल्या. पण मला बोलायचं आहे ते त्यांच्या १९८९ या एका वर्षाबद्दल.

त्या वर्षी 'काली'ने इंग्रजीत 'रीकास्टिंग विमेन' नावाचा लेखसंग्रह काढला. संपादन कुमकुम संगारी आणि सुदेश वैद यांचं. इंग्रजी अमलात बाईची प्रतिमा कशी नव्याने घडवली गेली, 'आदर्श भारतीय नारी' कुणी आणि कशासाठी तयार केली, याचा अभ्यास त्यात आहे. उमा चक्रवर्तींचा वैदिक काळातल्या दासीबद्दलचा गाजलेला लेख त्यातलाच. या पुस्तकाचं स्वागत झालं. विद्यापीठांत ते लागलं, परदेशात निघालं, आणि आजही स्त्री-अभ्यासाच्या वर्गात त्याच्यावाचून पुढे जाता येत नाही. ते व्हायलाच हवं होतं. पुस्तक तेवढ्या तोलाचं आहे.

त्याच वर्षी, त्याच संस्थेने हिंदीत आणखी एक पुस्तक काढलं, 'शरीर की जानकारी'. लेखिका एक नाही, पंच्याहत्तर. राजस्थानातल्या महिला विकास कार्यक्रमातल्या खेड्यातल्या बाया. आरोग्याच्या शिबिरांतून त्यांनीच ते तयार केलं होतं. पाळी, गर्भ, बाळंतपण, आजार, म्हातारपण असं बाईच्या अंगाबद्दलचं सगळं त्यात आहे.

या पुस्तकाचं परीक्षण छापून यायच्या आधीच झालं होतं, आणि ते कडक होतं. पहिल्या खर्ड्यात बाईच्या उघड्या शरीराची चित्रं होती. बायांनी तो खर्डा गावात नेऊन दाखवला. लोक म्हणाले, अशी उघडी बाई आमच्या गावात कधी कुणाला दिसते का? हे चित्र खोटं आहे. शहरातल्या एखाद्या संपादकाने यावर मागासलेपणाचा शिक्का मारून विषय संपवला असता. त्या बायांनी तसं केलं नाही. चित्रातल्या बाईला त्यांनी घागरा-ओढणी घातली आणि त्या कपड्यावर उचलता येईल अशी कागदाची झडप बसवली. झडप उचलली की आतलं शरीर दिसतं, ठेवली की बाई गावात दिसते तशी. गावाची हरकतही राहिली आणि माहितीही राहिली. पुस्तक छापून व्हायच्या आतच पहिल्या दोन हजार प्रतींची मागणी गावागावांतून नोंदली गेली होती. खेड्यातल्या बायांना ते छपाईच्या खर्चातच मिळालं पाहिजे, ही लेखिकांची अट होती. पुस्तकांच्या दुकानांत न ठेवताही पुढे त्याच्या हजारो प्रती गेल्या.

आता सांगा, यातलं कोणतं पुस्तक यशस्वी? मला तर दोन्ही वाटतात. पण पहिल्याच्या स्वागताला आपण 'समीक्षा' म्हणतो आणि दुसऱ्याच्या स्वागताला 'प्रतिसाद'. खर्डा हातात घेऊन "हे चित्र खोटं आहे" म्हणणं ही समीक्षा नाही तर काय आहे? त्यातून पुस्तक बदललं. छापून आलेल्या किती परीक्षणांनी एखादं पुस्तक बदललं असेल?

आपल्याकडचा हिशेब

योगायोग असा की त्याच १९८९ साली मुंबईत 'स्त्री उवाच' या बायांच्या गटाने ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायांना शोधत दोघी फिरल्या, म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्यांच्या घरी जाऊन बसल्या आणि त्यांच्या तोंडून ऐकलेलं लिहून घेतलं. १९४२ साली नागपुरात दलित महिलांची परिषद भरली होती. तिच्यासारख्या घटनांत बायांनी काय केलं हे तोवर कुणी नीट विचारलंच नव्हतं. मोठ्या प्रकाशकाच्या दारात हे पुस्तक गेलं असतं तर 'विक्री काय होणार?' हाच पहिला प्रश्न आला असता. ते निघालं, कारण बायांच्या एका गटाला ते निघावं असं वाटलं. इंग्रजीत ते वंदना सोनाळकरांच्या अनुवादातून २००८ साली गेलं. मधे एकोणीस वर्षं गेली.

आपल्या पुस्तकांना असा उशीर होणं नवं नाही. बुलडाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली पुण्यात छापलं गेलं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली, आणि त्यावरून वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेतलं. ताराबाईंचं पुस्तक म्हणजे त्याला दिलेलं सडेतोड उत्तर. त्याचं स्वागत झालं ते टिंगलीने आणि रागाने. महात्मा फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. मी त्या लिखाणाला आपल्या परंपरेतलं पहिलं नीट परीक्षण मानते, कारण या बाईचं म्हणणं काय आहे हे त्यांनी आधी ऐकून घेतलं आणि मग टीकाकारांना जाब विचारला. पण असं लिहिणारा एक आणि हसणारे पुष्कळ. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. पहिलंही विस्मृतीत गेलं आणि स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा छापलं तेव्हा आपल्या हाती आलं. त्र्याण्णव वर्षं! त्या काळात आपल्या आज्या-पणज्या जगल्या आणि मेल्या, आणि त्यांच्यासाठी लिहिलेलं पुस्तक त्यांना दिसलं नाही.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांची गोष्ट पुष्कळजणींना ठाऊक आहे. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून, नवऱ्यापासून वह्या लपवून त्यांनी 'जिणं आमुचं' लिहिलं. लिहिलेलं वीस वर्षं तसंच लपवून ठेवलं. मॅक्सीन बर्नसन यांच्या आग्रहाने ते उजेडात आलं, १९८२ साली 'स्त्री' मासिकातून क्रमशः आलं आणि १९८६ साली पुस्तक झालं. शांताबाई कांबळे यांचं 'माझ्या जल्माची चित्तरकथा'ही १९८६ चंच. या दोन पुस्तकांचा आणि त्यांच्या मागेपुढे आलेल्या दलित बायांच्या आत्मकथनांचा गौरव झाला, नाही असं नाही. पण त्या गौरवाची भाषा पाहा. 'दाहक अनुभव', 'प्रांजळ कथन', 'धीट लेखन', 'अनलंकृत शैली'. म्हणजे बाईने भोगलं आणि सांगितलं. विचार केला, असं कुणी म्हणत नाही. बेबीताई जेव्हा घरातल्या पुरुषाची मारहाण, सुनेचा छळ आणि गावकीची जात ही एकाच दावणीला बांधून दाखवतात, तेव्हा त्या समाजशास्त्र मांडत असतात. ते तसं वाचायला २००६ साली शर्मिला रेगे यांचं पुस्तक यावं लागलं, आणि तेही इंग्रजीत.

'बाईचं पुस्तक' आलं की परीक्षक दोनच प्रश्न विचारतात. हे खरं घडलं का? आणि हे वाङ्मय आहे का? तिसरा प्रश्न, ही बाई काय म्हणते आहे आणि ते मला पटतं का, हा राहूनच जातो. ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'ला, जे 'ग्रंथाली'ने २००३ साली काढलं, महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार जाहीर झाला. कार्यक्रमाची सुरुवात सरस्वतीवंदनेने होणार, म्हणजे मराठी साहित्य एकाच धर्माच्या प्रतीकांशी बांधलं जातं, असं सांगून त्यांनी तो नाकारला. ज्यांनी 'आयदान' नीट वाचलं होतं त्यांना यात धक्का बसण्यासारखं काही नव्हतं. पुस्तकात जे म्हटलं होतं तेच बाई वागल्या.

आता माझी चूक

इतका वेळ दुसऱ्यांबद्दल बोलले. आता घरचं.

ज्या पुस्तकाबद्दल मी ते वाक्य लिहिलं ते बाईच्या आरोग्यावरचं छोटं पुस्तक होतं. लिहिणारी डॉक्टर आपल्यातलीच, हेतू चांगला, माहिती अचूक. नेकनूर म्हणजे मांजरसुंब्यावरून केजकडे जाताना लागणारं बाजाराचं मोठं गाव. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरून दसरा-दिवाळी झाली की कोयते बाहेर पडतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फडातून सुटका नाही. एक दिवस काम बुडलं तर खाडा, त्याचे पैसे कापले जातात. पाळी आली, पोट दुखलं, अंगावरून जायला लागलं, तरी मोळी उचलायचीच.

याच बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली विधिमंडळात गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहाजणींत एक. इथे आरोग्याचं पुस्तक म्हणजे कपाटात ठेवायची वस्तू नाही. एखादीचं पोट फाडायचं की नाही हे ठरायच्या आधी तिच्या कानावर दोन शब्द पडले असते का, एवढा तो प्रश्न आहे.

माझं परीक्षण छापून आल्यावर चार-पाच महिन्यांनी, कारखाने बंद होऊन बाया परत आल्यावर, मी ते पुस्तक घेऊन एका वस्तीवर बसले. उन्हाळ्याचे दिवस, रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर वीस-बावीस बाया. मी मोठ्याने वाचायला लागले. तिसऱ्या पानावर 'श्वेतप्रदर' आला. एकीने विचारलं, "ताई, ह्यो कोणता आजार?" मी म्हटलं, अंगावरून पांढरं जातं ना, तो. त्यावर सगळ्या हसल्या. "मग तसं लिहा की! आम्हाला वाटलं दुसरंच काही." पुढे 'गर्भाशयमुख' आलं, 'ऋतुप्राप्ती' आली. दर वाक्याला मी थांबून उलथा करत होते. म्हणजे पुस्तक मराठीत होतं आणि मी ते मराठीत सांगत होते.

मग आलं, 'या काळात पुरेशी विश्रांती घ्यावी.' एक म्हातारी मावशी म्हणाली, "हे कुणासाठी लिव्हलंय? मुकादमाला वाचून दाखवा." पुन्हा हसणं. पण ते हसणं मला लागलं. परीक्षणात मी याच प्रकरणाला 'अत्यंत उपयुक्त सूचना' म्हटलं होतं.

हसणं थांबल्यावर कोपऱ्यातली एक बोलली. वय असेल तिशीच्या आसपास. पिशवी काढून चार वर्षं झालेली. तिने पुस्तक हातात मागून घेतलं, आतलं चित्र बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "पिशवी काढल्यावर काय काय होतं, ते कुठंशी लिव्हलंय?" मी पानं चाळली. पाळी होती, गरोदरपण होतं, बाळंतपण होतं, पाळी जाण्याबद्दलही दीड पान होतं. पिशवी काढलेल्या बाईबद्दल एक ओळ नव्हती. ती म्हणाली, "म्हंजी आमच्यासाठी नाही हे." आणि पुस्तक परत दिलं. रागाने नाही. बाजारात माप बसलं नाही की बाई चप्पल परत ठेवते, तसं.

त्या ओट्यावरचं परीक्षण मी त्याच रात्री वहीत लिहून काढलं. शब्द कळत नाहीत. अक्षर बारीक आहे, दिव्याच्या उजेडात दिसत नाही. किंमत दोन दिवसांच्या खाण्याएवढी. जिच्यासाठी लिहिलं तिचं आयुष्य लिहिणारीला माहीत नाही. पिशवी काढलेल्या बाईला सोडून दिलं आहे. आणि चांगलं काय, तेही त्यांनी सांगितलं : चित्रं सोपी आहेत, आणि डॉक्टरला कोणते प्रश्न विचारायचे त्याची यादी फार कामाची आहे. ती यादी दोघींनी पोरींकडून वहीत उतरवून घेतली.

माझ्या छापील परीक्षणात यातलं एकही वाक्य नव्हतं.

आपसातलं कौतुक

आपल्या पुस्तकांकडे मोठी वर्तमानपत्रं दुर्लक्ष करतात, ही तक्रार आपण वर्षानुवर्षं करतो आणि ती खरी आहे. रविवारच्या पुरवण्यांतली पुस्तकांची जागा आकसत गेली. छोट्या प्रकाशनाची प्रत तिथे पोचलीच तर 'साभार पोच'मध्ये नाव येतं. परीक्षण नाही म्हणून पुस्तक कुणाला ठाऊक होत नाही, ठाऊक नाही म्हणून शासनमान्य यादीसाठी कुणी आग्रह धरत नाही, आणि यादीत नाही म्हणून गावातल्या अनुदानावर चालणाऱ्या ग्रंथालयात ते पोचत नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने गावोगाव वाचनालयं झाली, पण त्यांच्या कपाटात बायांच्या गटांनी काढलेली पुस्तकं किती, हे प्रत्येकीने आपल्या गावात जाऊन मोजावं.

हे सगळं खरं. पण याला उत्तर म्हणून आपण काय केलं? एकमेकींची पाठ थोपटली. आपल्या अंकांत आपल्या पुस्तकांबद्दल आपल्याच मैत्रिणी चांगलं लिहितात. 'स्वागतार्ह', 'महत्त्वाची भर', 'संग्राह्य'. उणं लिहिलं तर चळवळीला धक्का बसेल, आधीच अडचणीत असलेल्या मैत्रिणी नाउमेद होतील, विरोधकांच्या हाती कोलीत जाईल, अशी भीती. मीही हाच विचार केला होता. पण याचा परिणाम असा की प्रकाशनाला खरी बातमी कुणीच देत नाही. बाहेरचे गप्प बसतात आणि घरचे खोटं बोलतात. मग दुसरी आवृत्ती जशीच्या तशी निघते, किंवा निघतच नाही, आणि प्रती कुणाच्या तरी माळ्यावर पडून राहतात.

काहीजणी म्हणतील, आरोग्याच्या पुस्तकाचं ठीक आहे, ते उपयोगाचं असतं. कवितासंग्रहाचं, कादंबरीचं काय? वस्तीवरच्या बायांनी ठरवायचं का वाङ्मय कोणतं? हा आक्षेप मी टाळणार नाही. प्रत्येक पुस्तक प्रत्येकीसाठी नसतं. 'रीकास्टिंग विमेन' मी ओट्यावर वाचणार नाही. अवघड पुस्तकांची गरज आहे, आणि बाई लिहिते म्हणून तिने सोपंच लिहावं असं म्हणणं हाही अन्याय आहे. पण अवघड आणि परकं यात फरक आहे. मी त्याच बायांपुढे 'जिणं आमुचं'मधले भाग वाचले आहेत. फलटणकडची भाषा वेगळी, काळ वेगळा, कित्येकींची जात वेगळी. एक शब्द अडला नाही. उलट वाद झाला. सासूने सुनेला छळलं हे उघड लिहायला हवं होतं का, यावर दोन सासवा आणि तीन सुना तासभर भांडल्या. मराठा घरातल्या एकीला जातीबद्दलचं जे वाचलं ते बोचलं आणि तिने ते तोंडावर सांगितलं. त्यावर बौद्धवाड्यातल्या बाईने तिला काय उत्तर दिलं ते कुठल्याही परिसंवादात मी ऐकलेलं नाही. त्या वादाला मी वाङ्मयाची चर्चाच म्हणते. आपण ती लिहून ठेवली नाही एवढंच.

मग करायचं काय?

फार मोठं काही सुचवत नाही. आपल्या प्रत्येक गटाने तीन महिन्यांत एक पुस्तक घ्यावं. एकीने विकत घ्यावं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं. आपल्या बैठकीत निरक्षर बाया असतातच, त्या ऐकणाऱ्या नाहीत, त्याही परीक्षक आहेत. वाचताना एकीने वही घेऊन बसावं. कुठे हसल्या, कुठे गप्प झाल्या, कोणता शब्द अडला, कुठे "हे खोटं आहे" म्हणाल्या, ते त्यांच्याच शब्दांत लिहावं. परीक्षण लिहिणारीने अंकात सांगून टाकावं की लेखिका किंवा प्रकाशक तिच्या ओळखीची आहे की नाही. तो कागद आधी प्रकाशकाकडे पाठवावा आणि मग या अंकाकडे.

प्रकाशन चालवणाऱ्या मैत्रिणींनाही विनंती आहे. तुमच्या वर्षाच्या यादीत आमची गोड वाक्यं छापू नका. त्याऐवजी लिहा, की अमुक पुस्तकावर अमुक गावच्या बायांनी या हरकती घेतल्या आणि आम्ही दुसऱ्या आवृत्तीत त्यातल्या या दुरुस्त केल्या, या केल्या नाहीत, का केल्या नाहीत तेही. अशी यादी वाचायला आवडेल, आणि त्यातून पुस्तकंही जास्त खपतील असं मला वाटतं. पूर्वी अकराशेची आवृत्ती काढावी लागायची, आता दोनशे-तीनशे प्रतीही छापता येतात. मग पहिल्या थोड्या प्रती काढून आधी गावात वाचून पाहायला काय हरकत आहे? राजस्थानातल्या बायांनी खर्डा गावात नेला तेव्हा ही सोयसुद्धा नव्हती.

ते आरोग्याचं पुस्तक काढणाऱ्या मैत्रिणींना मी वहीतली पानं पाठवली. भीत भीतच. सोबत लिहिलं की माझं आधीचं वाक्य यादीतून काढून टाका. आठ दिवसांनी उत्तर आलं. थोडं दुखावलेलं होतं, ते साहजिक आहे. पण शेवटी लिहिलं होतं, पिशवी काढलेल्या बायांसाठी आठ पानं जोडायची तर त्यात काय काय हवं ते त्याच बायांना विचारून कळवा.

ते विचारायला मी गेले तेव्हा वस्ती रिकामी झाली होती. टोळ्या गेल्या होत्या. दोन म्हाताऱ्या, शाळेतली पोरं आणि दारांना कुलपं. ती बाई आता कुठल्या तरी कारखान्याच्या फडात आहे. कारखाने बंद होऊन ती परत आली की मी पुन्हा ओट्यावर जाऊन बसणार आहे. तोवर तिचा प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. तुमच्या गावात, तुमच्या गटात अशी कुणी असेल, तर तिला काय विचारायचं आहे ते लिहून पाठवा. आठ पानं आहेत. ती आपण सगळ्याजणी मिळून भरू.

नेकनूर, जि. बीड